टॅबलेट बोलता करताना : अंध आणि अल्पदृष्टी वापरकर्त्यांसाठी सुरुवातीची पावलं

सपाट काचेवर चाचपायला काहीच नाही, मग न दिसणाऱ्या माणसाने ती वापरायची कशी? २००९ पर्यंत या प्रश्नाला उत्तर नव्हतं म्हटलं तरी चालेल. त्या वर्षी आयफोन ३ जीएस व्हॉइसओव्हर, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर, घेऊन आला. २०१० मध्ये पहिला आयपॅड बाजारात आला तेव्हा व्हॉइसओव्हर त्यात आधीपासूनच होतं. अँड्रॉइडचा तसाच स्क्रीन रीडर, टॉकबॅक, २००९ पासून आहे, पण बोट फिरवून पडदा वाचण्याची सोय अँड्रॉइड ४.० बरोबर, म्हणजे २०११ च्या अखेरीस आली. आज दोन्ही स्क्रीन रीडर फुकट आहेत आणि टॅबलेटमध्ये आधीच असतात. त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर घ्यायला लावणाऱ्या दुकानदाराला सरळ नाही म्हणा.

हा लेख दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे. ज्यांना अजिबात दिसत नाही ते, आणि ज्यांना थोडं दिसतं पण अक्षरं लागत नाहीत ते. घरातला कुणी हे वाचून दाखवत असेल, तर त्याला सुरुवातीलाच एक विनंती: शिकणाऱ्याचं बोट धरून पडद्यावर ठेवू नका. तोंडी सांगा, चुकू द्या. बोट दुसऱ्याने फिरवलं की हाताला काहीच आठवत नाही, आणि इथे जे काही शिकायचं आहे ते हातालाच शिकायचं आहे.

घेण्याआधी

पूर्ण अंध व्यक्तीला मोठ्या पडद्याचा काय उपयोग, असं दुकानात हमखास ऐकायला मिळतं. ते अर्धंच खरं. अकरा इंची पडद्यावर बोटाला जास्त अंतर कापावं लागतं, त्यामुळे फक्त फोन करणं, मेसेज आणि बातम्या एवढंच हवं असेल तर चांगला फोन पुरे. पण पुस्तकं ऐकायची, कागद वाचून घ्यायचे, ब्रेल कीबोर्ड म्हणून काच वापरायची, किंवा टेबलावर उभा ठेवून दोन्ही हातांनी काम करायचं असेल, तर टॅबलेट बरा पडतो. आठ ते नऊ इंचांचा टॅबलेट एका तळहातावर धरून दुसऱ्या हाताने वापरता येतो, म्हणून अंध व्यक्तीला मी तोच सुचवतो. थोडं दिसत असेल तर मात्र मोठाच घ्या. तिथे प्रत्येक इंच कामाचा.

सिमकार्डाचा मुद्दा बहुतेक जण विसरतात. फक्त वाय-फायवर चालणाऱ्या टॅबलेटवर ओटीपी येत नाही आणि यूपीआयची नोंदणीही होत नाही, कारण ती त्याच उपकरणातल्या सिमवरून मेसेज पाठवून होते. तेव्हा पैशांचे व्यवहार फोनवर आणि वाचन-लेखन टॅबलेटवर अशी वाटणी आधीच मनाशी करून ठेवा. व्हॉट्सॲप टॅबलेटवर जोडलेलं उपकरण म्हणून चालतं. जोडताना ते क्यूआर कोड दाखवतं, आणि तो फोनच्या कॅमेऱ्यात पकडणं न दिसणाऱ्याला जिकिरीचं. त्याच पडद्यावर फोन नंबर वापरून जोडण्याचा पर्याय असतो. त्यात एक कोड मिळतो आणि तो फोनमध्ये टाइप करायचा असतो.

आयपॅड की अँड्रॉइड? व्हॉइसओव्हर जास्त घोटीव आहे, जेश्चर, म्हणजे बोटांच्या ठरलेल्या खुणा, सगळ्या मॉडेलवर सारखे आहेत. अँड्रॉइड स्वस्त पडतो आणि मराठी टायपिंगला, माझ्या मते, अधिक सोयीचा आहे. पण तुमच्या ओळखीतली न दिसणारी माणसं जे वापरतात तेच घेण्यात सगळ्यात जास्त शहाणपण आहे, कारण अडल्यावर फोन त्यांनाच करायचा असतो. अगदी स्वस्तातला अँड्रॉइड टॅबलेट मात्र टाळा. कमी मेमरीच्या यंत्रावर टॉकबॅक बोटाच्या मागे रखडत बोलतो, आणि नवख्याला वाटतं की आपलंच काही चुकतंय.

सोबत उभं करता येणारं कव्हर घ्या आणि वायरचा इअरफोन घ्या. चार्जिंगच्या भोकाशेजारी किंवा पॉवरच्या बटणाजवळ शिवणकामातल्या टिकलीसारखं काही उंचवट्याचं चिकटवलं की टॅबलेटची वरची बाजू कोणती हे हाताला कळतं. दोन्ही बाजूंनी सारखाच लागणारा पातळ टॅबलेट उलटा धरून बसणं हे रोजचंच असतं.

आवाज सुरू करणं

नवा टॅबलेट डोळस माणसाकडून ‘सेट करून’ घ्यायची गरज नाही. अँड्रॉइडवर पहिल्या स्वागताच्या पडद्यावरच आवाजाची दोन्ही बटणं एकदम दाबून काही सेकंद धरा. टॉकबॅक बोलू लागतो. आयपॅडवर होम बटण असेल तर ते, नसेल तर वरचं बटण, भरभर तीनदा दाबा. टॅबलेट आधीच सेट झालेला असेल तर अँड्रॉइडवर सेटिंग्ज, मग ॲक्सेसिबिलिटी, मग टॉकबॅक. तिथेच त्याचा शॉर्टकट चालू करून ठेवा, म्हणजे पुढे दोन्ही बटणं धरली की टॉकबॅक चालू-बंद होईल. आयपॅडवर सिरीला व्हॉइसओव्हर सुरू करायला सांगता येतं. तिहेरी दाबाची सोय सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटीच्या अगदी तळाशी, ॲक्सेसिबिलिटी शॉर्टकट या नावाने आहे.

आता घरच्यांसाठी सूचना. स्क्रीन रीडर चालू असताना एकदा टेकवल्याने काहीही उघडत नाही. टेकवलं की ती गोष्ट फक्त बोलली जाते. उघडायला दोनदा टॅप करावं लागतं, आणि पान सरकवायला एका बोटाने भागत नाही. हे माहीत नसलेला भाऊ किंवा सून पाच मिनिटं काचेवर बोट घासते आणि ‘हा बिघडलाय’ म्हणून टॉकबॅकच बंद करून टाकते. मग ज्याचा टॅबलेट आहे तो गप्प काच घेऊन बसतो. मदत करायचीच असेल तर दोन्ही बटणं धरून टॉकबॅक थांबवा, काम करा आणि परत सुरू करून हातात द्या.

हात बसवणं

सगळे जेश्चर एका दिवसात पाठ करू नका. पहिले काही दिवस फक्त एवढे पुरेत:

१. एक बोट काचेवर हळू फिरवा. बोटाखाली जे येईल ते बोललं जाईल.
२. एका बोटाने उजवीकडे झटका द्या. पुढची गोष्ट. डावीकडे झटका दिलात की मागची.
३. कुठेही दोनदा टॅप करा. शेवटची बोललेली गोष्ट उघडेल. बोट त्याच जागेवर असण्याची गरज नाही, ही गोष्ट पटायला लोकांना वेळ लागतो.
४. दोन बोटांनी एकदा टॅप. बडबड थांबते.
५. मागे जाणं. अँड्रॉइडवर एक बोट खाली आणि न उचलता डावीकडे. आयपॅडवर दोन बोटांनी इंग्रजी झेडसारखी घासणी.
६. मुख्य पडद्यावर जाणं. अँड्रॉइडवर वर आणि न उचलता डावीकडे. आयपॅडवर होम बटण. ते नसेल तर खालच्या कडेवरून बोट वर न्यायचं आणि चढते दोन सूर ऐकू आले की उचलायचं.

पान सरकवायला अँड्रॉइडवर दोन बोटं, आयपॅडवर तीन. कुलूप उघडायला अँड्रॉइडवर दोन बोटांनी वर. नक्षी काढून उघडायचं कुलूप ठेवू नका. आकड्यांचा पिन किंवा बोटाचा ठसा ठेवा.

झटका म्हणजे झटकाच हवा. नवखे बोट हळूहळू ओढतात, यंत्राला वाटतं की ते पडदा चाचपताहेत, आणि भलतंच काहीतरी बोलतं. डबल टॅपही असाच. दोन टॅपांत फार वेळ गेला तर ते दोन वेगळे स्पर्श धरले जातात. यंत्र बिघडवायची भीती न बाळगता सराव करायला दोन्हीकडे जागा आहे: टॉकबॅकच्या सेटिंग्जमध्ये पाठ आणि जेश्चरचा सराव, तर आयपॅडवर चार बोटांनी दोनदा टॅप केलं की कोणत्या जेश्चरने काय होतं ते तो नुसतं बोलून दाखवतो. पुन्हा तसंच केलं की सराव बंद. हातात थरथर असेल, बोटं कोरडी असतील किंवा जाड स्क्रीनगार्ड असेल तर जेश्चर निसटतात. अशा वेळी दोष शिकणाऱ्याच्या माथी मारू नये.

रांग आणि नकाशा

झटके देत पुढे जाणं म्हणजे जपमाळ ओढण्यासारखं. एकही मणी सुटत नाही, पण शंभराव्या मण्यापर्यंत पोचायला नव्याण्णव ओढावे लागतात. टॅबलेट शिकलेली पुष्कळ माणसं इथेच थांबतात. त्यांना सगळं येतं, पण प्रत्येक कामाला फार वेळ लागतो, आणि काही महिन्यांनी टॅबलेट कपाटात जातो.

म्हणून पहिल्या आठवड्यापासूनच दुसरी सवयही लावा: पडद्याची भूमिती लक्षात ठेवणं. मागे जायचं बटण बहुतेक ॲपमध्ये वर डाव्या कोपऱ्यात असतं, शोध आणि मेनू वर उजवीकडे, मुख्य विभागांची पट्टी फोनवर तळाशी. टॅबलेट आडवा धरला की मात्र पुष्कळ ॲप पडद्याचे दोन भाग करतात. डावीकडे यादी, उजवीकडे मजकूर. व्हॉट्सॲप, ईमेल आणि सेटिंग्ज ही रोजची उदाहरणं. झटके देत गेलात तर डावीकडची अख्खी यादी संपल्यावर उजवा मजकूर येतो. बोट उचलून सरळ उजव्या अर्ध्यात मधोमध टेकवलंत तर तत्क्षणी तिथे पोचता. फोनपेक्षा टॅबलेट वेगवान ठरतो तो इथे. मात्र त्यासाठी पडदा सतत उभा-आडवा होता कामा नये. आपोआप फिरणं बंद करा आणि एकच पवित्रा धरा, नाहीतर काल शिकलेल्या जागा आज सापडत नाहीत.

सरावासाठी मुख्य पडद्यावर रोजची चार ॲप चार कोपऱ्यांत ठेवून घ्या. मधली जागा रिकामी राहिली तरी चालेल. कोपरा हाताला न चुकता सापडतो, कारण कव्हरच्या कडा बोटाला लागतात.

रांग आणि नकाशा यांच्या जोडीला तिसरी एक युक्ती आहे: उड्या. अँड्रॉइडवर तीन बोटांनी वर किंवा खाली झटका दिला की वाचनाची पायरी बदलते: अक्षर, शब्द, ओळ, परिच्छेद, शीर्षक, लिंक. हवी ती ऐकू आली की एका बोटाने खाली झटके द्यायचे. आयपॅडवर यालाच रोटर म्हणतात. दोन बोटं काचेवर ठेवून नळाची चावी फिरवावी तशी फिरवायची आणि मग एका बोटाने खाली.

हे नीट कळायला एक धडा करून बघा. क्रोम किंवा सफारीत मराठी विकिपीडियावरचा महात्मा फुले यांचा लेख उघडा. आधी झटके देत जा, म्हणजे मजकुरापर्यंत पोचण्याआधी किती लिंका आणि बटणं ऐकावी लागतात ते कळेल. मग पायरी ‘शीर्षक’ करा आणि खाली झटके द्या. लेखाचे विभाग एकामागून एक ऐकू येतील. हवा तो विभाग सापडला की उजवीकडे झटका देऊन वाचायला लागा, किंवा सलग ऐका. त्यासाठी आयपॅडवर दोन बोटं खाली ओढा. अँड्रॉइडवर तीन बोटांनी एकदा टॅप केल्यावर येणाऱ्या टॉकबॅकच्या मेनूत सलग वाचनाचा पर्याय आहे. एखाद्या शब्दाचं लेखन तपासायचं असेल तर पायरी ‘अक्षर’. विकिपीडियावर शीर्षकं नीट लावलेली असतात म्हणून तो धड्याला चांगला. वर्तमानपत्रांच्या साइटवर जाहिराती मध्ये घुसतात आणि नवखा हरवतो, तिकडे नंतर जा.

मराठी आवाज

यात घाई केली की पुढे त्रास होतो. नुसता इंग्रजी आवाज लावलेला असेल तर देवनागरी मजकूर नीट वाचला जात नाही, पुष्कळदा यंत्र तिथे गप्पच बसतं, आणि माणसाला वाटतं मेसेज रिकामा आहे.

अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये टेक्स्ट टू स्पीच शोधा. इंजिन, म्हणजे मजकुराचा आवाज करणारं सॉफ्टवेअर, गूगलचं निवडा. काही कंपन्या स्वतःचं इंजिन पुढे करतात, तेव्हा हे तपासून घ्या. मग त्या इंजिनाच्या सेटिंग्जमध्ये जाऊन मराठी आवाज डाउनलोड करून ठेवा, म्हणजे नेट नसतानाही तो चालेल. आयपॅडवर व्हॉइसओव्हरला मराठी आवाज आयपॅडओएस १६ पासून, म्हणजे २०२२ मध्ये मिळाला. व्हॉइसओव्हरच्या सेटिंग्जमध्ये स्पीच या भागात जाऊन मराठी जोडा. एकदा जोडली की रोटरमधून भाषा बदलता येते. मजकुराची भाषा ओळखून आपोआप बदलण्याचाही पर्याय आहे.

गूगलच्या मराठी आवाजाला इंग्रजी शब्द दिले तर तो ते मराठी वळणाने बोलतो. सुरुवातीला हसू येतं, मग कानाला सवय होते. ज्यांना इंग्रजी येतं त्यांनी टॅबलेटची भाषा इंग्रजी ठेवावी असं माझं मत आहे, कारण शिकवणारे आणि व्हिडिओ बटणांची नावं इंग्रजीतच सांगतात. फक्त वाचनाची भाषा मराठी करावी. ज्यांना येत नाही त्यांनी संकोच न करता अख्खा अँड्रॉइड मराठीत लावावा.

बोलण्याचा वेग पहिल्या दिवशी मुद्दाम कमी ठेवा. सरावलेली माणसं इतक्या वेगाने ऐकतात की शेजारी बसलेल्याला एक शब्द कळत नाही, पण तो वेग आपोआप येतो. आवाजाची पातळी बदलताना गफलत होते तीही इथेच सांगतो. अँड्रॉइडवर टॉकबॅकचा आवाज आणि गाण्यांचा आवाज वेगवेगळे असतात. टॉकबॅक बोलत असतानाच बटण दाबलं तर टॉकबॅकचा आवाज बदलतो. एरवी दुसराच बदलतो.

लिहिणं

काचेवर मराठी टाइप करणं हा सगळ्यात कंटाळवाणा भाग, आणि हे लपवण्यात अर्थ नाही. बोट अक्षरांवर फिरवायचं, हवं ते ऐकू आलं की उचलायचं किंवा दोनदा टॅप करायचं. कोणती पद्धत हवी ते सेटिंगमध्ये ठरवता येतं. काना, मात्रा, वेलांट्या शोधण्यात वेळ जातो. जीबोर्ड या गूगलच्या ॲपमधल्या मराठी कीबोर्डवर माइकचं बटण आहे, ते वापरून बोलून लिहा. इअरफोन लावूनच बोला, नाहीतर टॉकबॅकचं बोलणंही मजकुरात उतरतं. लिहून झालं की पायरी ‘शब्द’ करून एकदा तपासा. आडनावं आणि गावांची नावं बोलून लिहिताना हटकून चुकतात.

ब्रेल येत असेल तर तुमच्या हाती वेगळंच साधन आहे. व्हॉइसओव्हरमध्ये २०१४ पासून आणि टॉकबॅकमध्ये २०२० पासून काचेलाच सहा टिंबांचा कीबोर्ड करता येतो. टॅबलेट टेबलावर आडवा ठेवायचा आणि दोन्ही हातांची तीन-तीन बोटं टेकवायची, की कीबोर्ड बोटांच्या जागेवर जुळवून घेतो. फोनपेक्षा टॅबलेटवर हे खूप आरामाचं, कारण बोटांना पसरायला जागा मिळते. लांब मजकूर लिहिणाऱ्यांनी सरळ ब्लूटूथ कीबोर्ड घ्यावा. साधा, बटणं उंच असलेला.

थोडं दिसत असेल तर

अल्पदृष्टी हा एकच प्रकार नाही, आणि म्हणून ‘अक्षर मोठं करा’ हा सल्ला सगळ्यांना लागू पडत नाही. मॅक्युलाच्या (डोळ्याच्या पडद्याच्या मधल्या भागाच्या) झिजेमुळे मधलं दिसणं गेलं असेल तर मोठं अक्षर खरंच मदत करतं. काचबिंदू किंवा रेटिनायटिस पिगमेंटोसामुळे कडेची नजर जाऊन बोगद्यातून पाहिल्यासारखं उरलं असेल तर अक्षर जितकं मोठं, तितकी कमी अक्षरं त्या उरलेल्या भागात मावतात. अशांनी अक्षर मध्यम ठेवून ठसठशीतपणा आणि रंगांतला फरक वाढवावा. ज्यांना उजेड बोचतो त्यांनी आधी उजेडाचंच बघावं.

एक साधी गोष्ट आधी करून बघा. टॅबलेट ४० सेंटिमीटरवर धरत असाल तर २० वर आणा. डोळ्यात पडणारी प्रतिमा दुप्पट होते, कुठलंही सेटिंग न बदलता. जवळ धरल्याने उरलेली नजर खर्च होते ही समजूत घरोघरी आहे. तसं होत नाही. मात्र इतक्या जवळचं स्पष्ट दिसायला वाचनाचा जास्त नंबराचा चष्मा लागू शकतो, तो लो व्हिजनच्या तज्ज्ञाकडून करून घ्यावा.

मग सेटिंग या क्रमाने. पहिलं, अक्षराचा आकार आणि ठळक अक्षर. दुसरं, डिस्प्ले साइझ, ज्याने बटणं आणि चिन्हंही मोठी होतात. या दोन्हींत ओळी पडद्यातच मावतात. तिसऱ्या क्रमांकावर भिंग: अँड्रॉइडवर मॅग्निफिकेशन, आयपॅडवर झूम. भिंग शेवटी का, तर त्यात पडद्याचा एक तुकडाच दिसतो आणि प्रत्येक ओळीसाठी डावीकडून उजवीकडे सरकत बसावं लागतं. आयपॅडवर तीन बोटांनी दोनदा टॅप केलं की झूम चालू-बंद होतो आणि तीन बोटांनी ओढून सरकवता येतो. अँड्रॉइडवर शॉर्टकट निवडताना तिहेरी टॅप ठेवला तर प्रत्येक साध्या टॅपला यंत्र क्षणभर थांबतं, म्हणून मला कडेचं तरंगतं बटण बरं वाटतं.

रंगांचं: डार्क थीम आणि रंग उलटे करणं या वेगळ्या गोष्टी आहेत. डार्क थीम ॲपने स्वतः दिलेली असते आणि फोटो जसेच्या तसे राहतात. रंग उलटे केले की माणसांचे चेहरे निगेटिव्हसारखे होतात. आयपॅडवरचं स्मार्ट इन्व्हर्ट शक्य तिथे फोटो वगळतं. उजेड अगदी खाली आणूनही बोचत असेल तर अँड्रॉइड १२ पासून एक्स्ट्रा डिम आहे, आयपॅडवर रिड्यूस व्हाइट पॉइंट. संध्याकाळचं आणि दुपारचं सेटिंग एकच असेल अशी अपेक्षा ठेवू नका.

आणि हे मला ठासून सांगायचंय: थोडं दिसतं म्हणून सगळं डोळ्यांनीच वाचायचा हट्ट धरू नका. मेसेज डोळ्यांनी, लेख कानांनी. अँड्रॉइडवर सिलेक्ट टू स्पीक चालू केलं की हवा तेवढाच मजकूर बोट लावून ऐकता येतो, बाकी टॅबलेट नेहमीसारखा चालतो. आयपॅडवर स्पीक स्क्रीन चालू करून वरच्या कडेवरून दोन बोटं खाली ओढली की पान वाचलं जातं. नजर आणखी कमी होत जाणार असं डॉक्टरांनी सांगितलं असेल तर टॉकबॅकचे जेश्चर दिसत असतानाच शिका.

चित्रात अडकलेली अक्षरं आणि मराठी पीडीएफ

लग्नपत्रिका, सोसायटीची नोटीस, शाळेचं परिपत्रक, सगळं फोटो म्हणून येतं आणि स्क्रीन रीडर म्हणतो ‘फोटो’. अशा वेळी तो फोटो गूगल लेन्सकडे, म्हणजे चित्रातला मजकूर ओळखणाऱ्या गूगलच्या सोयीकडे द्या, लेन्स देवनागरी ओळखतं. कागद समोर असेल तर त्यातला मजकूर वाचायला गूगलचं लुकआउट आणि मायक्रोसॉफ्टचं सीइंग एआय ही फुकट ॲप आहेत. लुकआउट अँड्रॉइडपुरतं, सीइंग एआय दोन्हीकडे. नोटा ओळखायला रिझर्व्ह बँकेचं मनी हे ॲप १ जानेवारी २०२० पासून आहे, नेटशिवाय चालतं. नोट किती रुपयांची ते सांगतं, खरी की खोटी ते नाही. माणसाच्याच डोळ्यांची गरज असेल तर बी माय आइज: एखादा स्वयंसेवक व्हिडिओवरून बघून सांगतो. तिथे बँकेचे कागद आणि कार्डं दाखवू नका.

मराठी पीडीएफचं दुखणं वेगळं आहे. कित्येक फाइल युनिकोडच्या (आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या प्रमाण पद्धतीच्या) आधीच्या फाँटमध्ये, श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या, तयार झालेल्या असतात. डोळ्याला स्वच्छ मराठी दिसतं, पण आतून ती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात, आणि स्क्रीन रीडर तीच वाचतो. तुमचा आवाज बिघडलेला नाही. अशा पानाचा स्क्रीनशॉट काढा आणि तो चित्र म्हणून लेन्सला द्या. लांब दस्तऐवज असेल तर पानांची चित्रं गूगल ड्राइव्हवर चढवून संगणकावरून गूगल डॉक्समध्ये उघडली की मजकूर सुटा होतो. चुका राहतात, तरी काम भागतं. पाठवणाऱ्याकडे युनिकोड फाइल मागायची सवयही लावून घ्या.

पुस्तकांसाठी सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय २४ ऑगस्ट २०१६ ला सुरू झालं. छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांना तिथे सदस्य होता येतं, मराठी पुस्तकंही आहेत. पुस्तकं स्कॅन करून वाचनीय करायला परवानगीची अडचण येत नाही, कारण २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यातच ती सवलत दिली आहे.

बँक, पासवर्ड, केवायसी

पासवर्ड टाकताना इअरफोन लावाच. इअरफोनशिवाय टॅबलेट पुष्कळदा आकडा न सांगता नुसतं टिंब म्हणतो. अक्षरं मोठ्याने बोलण्याचं सेटिंग आहे, पण ते घरात एकटं असतानाच वापरण्यासारखं. शेजारच्याला पडदा दिसू नये म्हणून तो काळा करता येतो. आयपॅडवर तीन बोटांनी तीनदा टॅप, झूमही चालू असेल तर चारदा. अँड्रॉइडवर टॉकबॅकच्या मेनूत पडदा लपवण्याचा पर्याय. आवाज चालूच राहतो.

काही बँकांची ॲप ॲक्सेसिबिलिटी सेवा (टॉकबॅकसारखी, पडदा वाचू शकणारी) चालू दिसली की संशय घेतात, कारण फसवणारी ॲपही तोच दरवाजा वापरतात. अनोळखी ॲपने ॲक्सेसिबिलिटीची परवानगी मागितली तर देऊ नका, आणि टॉकबॅक सोडून बाकी नको असलेल्या सेवा बंद ठेवा. केवायसीत ‘डोळे मिचकवा’ किंवा ‘चेहरा चौकटीत आणा’ असं सांगणारे पडदे अजून भेटतात. सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ च्या निकालात डिजिटल सुविधांपर्यंत पोचणं हा जगण्याच्या अधिकाराचा भाग मानला आणि केवायसी सर्वांना करता येईल अशी करायचे २० निर्देश दिले. शाखेत अडवलं तर या निकालाचा उल्लेख करून लेखी तक्रार द्या.

आवाजच गेला तर

कधी तरी टॅबलेट अचानक मुका होतो. घाबरून सगळी बटणं दाबू नका. आधी इअरफोन किंवा ब्लूटूथ स्पीकर जोडलेला नाही ना ते बघा. मग काचेवर बोट फिरवत आवाज वाढवायचं बटण दाबा. आयपॅडवर चुकून तीन बोटांनी दोनदा टॅप झाला असेल तर व्हॉइसओव्हर गप्प होतं. पुन्हा तसंच करा, आणि झूमही चालू असेल तर तीनदा. त्यानेही नाही झालं तर शॉर्टकटने स्क्रीन रीडर बंद करून पुन्हा सुरू करा आणि शेवटी टॅबलेट रीस्टार्ट करा.

अँड्रॉइडवर आवाजाचं इंजिन अपडेट होताना असा मुकेपणा येऊ शकतो, म्हणून ईस्पीक हे दुसरं इंजिन भरून ठेवा. ते अगदी लहान आहे, मराठी बोलतं, आवाज यांत्रिक आहे. गरजेला कुणा डोळस माणसाकडून टेक्स्ट टू स्पीचमध्ये जाऊन इंजिन बदलून घेता येतं. मुख्य आवाज परत आला की इंजिन पुन्हा गूगलचं करा आणि मराठी आवाज डाउनलोड झालेला आहे ना, ते एकदा विमान मोड लावून तपासा.